मुलांच्या रांगेला प्रश्न नव्हते

शाळेच्या नर्सबाईंना त्या सकाळपासून चैन नव्हतं. सहावीची तपासणी होती. वरून आलेल्या कागदावर पाच प्रश्न होते: जेवणाची भीती वाटते का, डबा लपवून टाकावासा वाटतो का, असलेच. आणि डोक्यावर ठळक अक्षरांत 'फक्त मुलींसाठी'. मुलांचं नुसतं वजन-उंची.

"उरका," मुख्याध्यापक दारातून म्हणाले. "मुलांची रांग म्हणजे पाच मिनिटांचं काम."

शिंप्याचा मुलगा काट्यावर चढला. भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर. गेल्या वर्षीपेक्षा उंची वाढलेली, वजन मात्र नऊ किलोंनी कमी. बाईंनी मनगट धरलं; हात गारठलेला. नाडी मोजली, पुन्हा मोजली. मिनिटाला जेमतेम चव्वेचाळीस.

बाईंनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं. "डबा खातोस ना रे?"

"खातो की."

"खरं सांग. रागावणार नाही."

पोरगं खाली बघत म्हणालं, "कुत्र्याला घालतो. तुम्हीच म्हणाला होतात ना बाई, गेल्या वर्षी. सगळ्यांसमोर. जरा कमी खात जा म्हणून."

बाईंनी लगेच शिंप्याला निरोप धाडला.

निरोप मिळताच शिंपी आला, गळ्यातली टेप तशीच. "बाई, घरात सगळे भोपळ्या म्हणायचे ह्याला. आता पाहुणेसुद्धा तोंडभरून कौतुक करतात. आणि जेवणाचे असले नखरे पोरींचे असतात हो!"

मुख्याध्यापकांनीही मान डोलावली.

"त्याच्या पँटी तुम्हीच शिवता ना?" बाईंनी विचारलं.

"मग! दुसरा कोण शिवणार?"

"या वर्षात कमरेत किती वेळा आत घेतल्यात?"

शिंपी बोटं मोजू लागला. "तीन... नाही, चारदा." त्यानं गळ्यातली टेप काढून मुठीत धरली. "दर वेळी माप घेत होतो, बाई. आणि खूश होत होतो."

दुपारीच मुलाला दवाखान्यात भरती केलं. आणखी उशीर झाला असता तर हृदयानं दगा दिला असता, डॉक्टर म्हणाले. बरं व्हायला महिनोन् महिने लागणार होते.

"एक पोर निघालं म्हणून सगळ्यांना विचारत बसणार?" मुख्याध्यापक चिडले. "पालक ओरडतील."

"ओरडू देत. माझ्या एका वाक्यानं काय झालं ते मी आज पाहिलंय. ते पाच प्रश्न मी मुलांनाही विचारणार, एकेकट्याला. नोकरीवरून काढायचं तर काढा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलांची रांग पुन्हा लावली. पहिला मुलगा हसला. दुसराही हसला. तिसरा म्हणजे वर्गाचा विदूषक, गुबगुबीत, सदा खिदळणारा. त्यानं पहिला प्रश्न नीट ऐकला, मागे वळून पाहिलं आणि हळूच विचारलं,

"बाई, दार नीट लावलंय ना?"