पासवर्ड तोच जुना

मी एक जुना राउटर आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. तुमच्यात या वयात पहिलीत बसवतात, आमच्यात खोक्यात. भिंतीला टेकून बसलेले, शिंगं असलेले राउटर तुम्ही पाहिले असतील. ते माझे मोठे चुलतभाऊ. जन्मात एकदाही घराबाहेर पडत नाहीत आणि जगाशी ओळख असल्याचा तोरा मिरवतात. मी मात्र साबणाच्या वडीएवढा, पिशवीत मावणारा, प्रवासी. माझ्या पोटात सिमकार्ड आहे, पाठीत बॅटरी आहे आणि तोंडावर एक इवलासा पडदा आहे. त्यावर डावीकडे बॅटरी किती उरली ते दिसतं आणि उजवीकडे एक आकडा. त्या क्षणी किती फोन मला जोडलेले आहेत, त्याचा तो आकडा. मित्रांनो, तो तेवढा ध्यानात ठेवा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. आईवडील आठवत नाहीत, एक सरकता पट्टा आठवतो. एका मिनिटात आम्ही चाळीस भावंडं जन्मलो, त्यामुळे थोरला कोण यावरून कधी भांडण झालं नाही. एका बाईंनी मला उचलून बटण दाबलं, माझे दिवे पाहिले आणि पाठीवर 'तपासले' अशी चिठ्ठी डकवली. कौतुक म्हणतात ते हेच, असं मला पुढे बरेच दिवस वाटत होतं.

मग दुकानातलं काचेचं कपाट, आणि मग बाबा. बाबा पाण्याचे मीटर तपासायच्या कचेरीत आहेत. गळती त्यांना सहन होत नाही, मग ती पाण्याची असो की नेटची. कुटुंब पहिल्यांदाच परदेशी निघालं होतं. बाबांनी मला टेबलावर ठेवून जाहीर केलं, "चौघांना चार सिमकार्डं कशाला? हा एकटा पुरे. आपण सगळ्यांनी एकत्र राहायचं, की झालं."

चौघं म्हणजे बाबा, आई, ताई आणि आजी. ताई कुणाचीच ताई नाही, एकुलती एक आहे. पण आजीनं तिला पाळण्यातच ताई करून टाकलं होतं, आणि एकदा दिलेलं पद काढून घेता येत नाही.

"बाबा, पासवर्ड काय ठेवू?" ताईनं विचारलं.

"तोच जुना."

ताईनं खरोखर तेच टाईप केलं. कारण मित्रांनो, या घराचा पासवर्डच 'तोच जुना' असा आहे. तो आजोबांनी ठेवला होता. घरी पाहुणे आले की हा संवाद ठरलेला असे.

"वायफायचा पासवर्ड काय हो?"

"तोच जुना."

"जुना म्हणजे कुठला?"

"तोच."

एक मेहुणे यावरून दोन वर्षं बोलत नव्हते. आजोबांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे, त्यामुळे स्पेलिंगवरूनही त्यांचं म्हणणं ठाम होतं. "'जन्म'मधला ज वेगळा आणि 'जुना'मधला वेगळा. जुन्याला इंग्रजी 'जे' लावणारा आमच्याकडे एक दिवस टिकला नसता. तिथं 'झेड'च हवा." आजोबा आता नाहीत. झेड आहे.

परदेशात उतरल्यावर मला कुणी बाळगायचं, असा प्रश्न पडला. बाबांच्या खिशात मी तापलो. आईच्या पर्समध्ये किल्ल्यांनी माझा गाल खरवडला. ताईनं मला नाश्त्याच्या टेबलावर विसरून दाखवलं. शेवटी मी आजीच्या कापडी पिशवीत गेलो. तिथे चष्म्याचं घर, जास्तीचा रुमाल आणि लिंबाच्या गोळ्या असत. माझ्या सगळ्या मुक्कामांत तो सर्वांत सुखाचा.

आता माझा आवाका वीस पावलांचा. एकविसाव्या पावलाला नेट तुटतं. त्यामुळे त्या दिवसापासून आजीपासून वीस पावलांपलीकडे कुणी जाईना. आजी बाकावर बसली की तिघंही त्याच बाकावर. आजी उठली की तिघंही उठत. एका संग्रहालयात आजी बायकांच्या स्वच्छतागृहात गेली, तर बाबा नकाशा उघडा धरून बाहेर दाराला जवळजवळ चिकटून उभे राहिले. तिथल्या रखवालदारानं त्यांच्याकडे फार वेळ पाहिलं.

आजी मात्र फुलून गेली होती. रोज बहिणीला फोन करून सांगायची, "अगं, परदेश लागलाय यांना! घरी माझ्याशी दोन शब्द बोलायला सवड नसते. इथं पोरगी हात सोडत नाही, मुलगा सावलीसारखा मागे. सूनबाई तर मी शिंकले तरी पळत येते."

मी पिशवीत गप्प होतो. काही गोष्टी राउटरनं सांगायच्या नसतात.

नवव्या दिवशी दुपारी एका मोठ्या चौकात ते घडलं. आजीचा स्वतःचा फोन त्या दिवशी हॉटेलात चार्जिंगला राहिला होता. ती एका दुकानाची काच बघत थोडी पुढे गेली आणि मागून ताई ओरडली, "बाबा, आजी लांब चाललीय! रेंज जातेय!"

"मग धाव ना! नकाशा अर्धाच उघडलाय माझा!"

आजी थांबली. "काय जातंय?"

"रेंज गं आजी. नेट तुझ्या पिशवीत आहे ना."

आजीनं पिशवीकडे पाहिलं. मग तिघांकडे. मग नऊ दिवसांकडे.

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे ही माया याची."

"तसं नाही हो आई," आई घाईघाईनं म्हणाली.

"असू दे, असू दे."

थोड्या वेळानं तिघं बुटांच्या दुकानात शिरले. आई एक बूट चढवत होती, ताई दुसरा शोधत होती आणि बाबा बुटाची किंमत विचारत होते. आजीनं मला बाहेर काढलं, माझ्या पडद्यावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "चल रे बाबा. आपण दोघंच जाऊ. बघू या, कुणाला शोधतात."

ती रागानं दोन गल्ल्या चालली. तिसरी गल्ली राग ओसरत असताना चालली, आणि म्हणून ती कुठली हे तिच्या लक्षात राहिलं नाही. समोर कारंजं होतं, त्यात दगडी मासे होते. बाक होता. आजी बसली. माझी बॅटरी एकोणीस टक्के, आकडा शून्य.

जरा परिस्थिती बघा. फोन असलेल्या तिघांजवळ नेट नाही. नेट असलेल्या आजीजवळ फोन नाही. तिला एकही नंबर पाठ नाही, हॉटेलाचं नाव तर तिनं पहिल्या दिवसापासून 'ते निळ्या चादरीवालं' असं ठेवलेलं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक टकलू गृहस्थ फोन आकाशाकडे धरून बसले होते. तेही कुठलेतरी प्रवासी, तेही हरवलेले. त्यांना आजीच्या हातात मी दिसलो. तहानलेला माणूस माठाकडे बघतो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण फोन पुढे आला आणि आजीला कळलं.

"पासवर्ड हवाय? तोच जुना."

गृहस्थांनी भुवया उंचावल्या.

"जुना कुठला म्हणून विचारू नका. तोच."

मग तिनं त्यांचा फोन मांडीवर घेतला. आजीनं कचेरीत तीस वर्षं टाईपरायटर चालवला आहे. दहाही बोटं त्या चिमुकल्या फोनवर तरंगू लागली. तिनं 'जे' घातला. चूक. पुन्हा 'जे', या वेळी शेवटी एक जास्तीचा 'ए'. चूक. बॅटरी बारा टक्के. आजी थांबली आणि एकदम हसली.

"झेड," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "टिकले नसते मी छापखान्यात."

आकडा एक झाला. गृहस्थांना त्यांची वाट सापडली, बायको सापडली, फोनमध्ये एक बाळही दिसलं. त्यांनी आजीला तीन वेळा वाकून नमस्कार केला आणि निघाले. विसाव्या पावलानंतर माझा आकडा पुन्हा शून्य झाला, आणि आजीनं तो होताना पाहिला. ती मोठ्यांदा म्हणाली, "म्हणजे हा माणसं मोजतो!"

त्यानंतर तिनं माझ्यावरची नजर हलवली नाही. बॅटरी नऊ. शून्य. बॅटरी सहा. शून्य. एकदा तिनं मला रुमालानं पुसलं, जणू आकडा मळामुळे दिसत नसावा. मित्रांनो, यंत्राला प्रार्थना करता येते की नाही, मला ठाऊक नाही. मी दिवा मात्र जमेल तितका जोरात लावला. बॅटरी तीन.

एक.

आजी उभी राहिली. "गृहस्थ परत आले की काय?" पण ती बोलेपर्यंत दोन झाले. मग तीन. आणि गल्लीच्या तोंडाशी ताई दिसली, फोन दोन्ही हातांत आडवा धरून, जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या पाणाड्यासारखी. तिच्यामागे आई, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात दुकानातला बूट. सगळ्यांत मागे बाबा.

नेट सापडलं म्हणून फोन खणखणत होते. आजीची नजर ताईच्या हातावर होती. आता बघेल, ती मनात म्हणत असणार, आता बघेल. ताईनं फोन न बघता कारंज्याच्या ओल्या कठड्यावर टाकला आणि आजीच्या गळ्यात पडली.

"अगं, कुठे गेली होतीस तू? मी मेले असते!"

"आई, असं सांगून जायचं असतं ना," बाबा म्हणाले. त्यांनी आजीची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

"रेंज आली का रे?" आजीनं विचारलं.

"खड्ड्यात गेली रेंज!"

नेमकी त्याच क्षणी माझी बॅटरी संपली. नेट गेलं. आणि मित्रांनो, संध्याकाळी जेवून होईपर्यंत हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा अपमान. असा अपमान मला पुन्हा लाभला नाही.

पुढचं आयुष्य तुम्ही ओळखलंच असेल. पुढच्या प्रवासापर्यंत फोनमध्येच परदेशी नेट भरता यायला लागलं. माझं सिमकार्ड काढलं गेलं आणि मी जुन्या चार्जरांच्या खोक्यात पडलो. तिथे सगळे एकमेकांत गुंतलेले असतात, पण बोलत कुणीच नाही. दोन वर्षांनी एक हात आत आला. लिंबाच्या गोळ्यांचा वास आला.

आता मी आजीच्या खिडकीत असतो, चार्जरला जोडलेला. माझ्यात नेट नाही. तरी घरातले फोन जुन्या सवयीनं मला धरतात आणि ताई करवादते, "आजी, याला बंद कर ना! माझा फोन सारखा यालाच चिकटतो, आणि यात काही नाहीये!"

"असू दे," आजी म्हणते. "चिकटू दे."

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात असं एखादं खोकं असेल तर त्यात एकदा हात घाला. सगळं फेकण्यासारखं नसतं. आम्हाला मोठं काम नको. थोडी वीज, एक खिडकी, आणि अधूनमधून रुमालानं पुसणारं कुणीतरी असलं की आमचं भागतं.

रोज संध्याकाळी आजी स्वयंपाकघरातून डोकावून माझा पडदा बघते. तिचा स्वतःचा फोन घरातच असतो, म्हणून आकडा एक. आई आली की दोन. ताई आली की तीन. जिन्यावर अजून पाऊलही वाजलेलं नसतं, तोवर माझ्यावर चार उमटतो, आणि आजी ताटं घ्यायला लागते.