सध्या घरचा नंबर

“हा आकडा चुकलाय,” टक्केताई म्हणाली आणि तिने तक्ता पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतला.

शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रामरने मान वळवली. “कुठला?”

“चौकशीचं पान. शंभरातली एकसष्ट माणसं शेवटी तिथं जातात. आणि त्या पानावर आहे काय? एक फोन नंबर, बस्स.”

“यंत्रं असतील. माणसं नसतीलच ती. हल्ली फोन कोण करतंय?”

हे शेवटचं वाक्य एरवी टक्केताईचंच असे. बससेवेच्या कार्यालयात ती अकरा वर्षं वेबसाइट सांभाळत होती. साइटवर किती माणसं येतात, कुठल्या पानावर किती वेळ थांबतात, कुठून निघून जातात, हे सगळं तिच्या जिभेवर असे. म्हणून तर ते नाव पडलं होतं. “टक्केवारी घेत नाही हो, काढते फक्त,” असं ती नव्या माणसाला आधीच सांगून टाकी. शुक्रवारी नव्या साइटचा आराखडा साहेबांपुढे ठेवायचा होता, आणि चौकशीचं पान त्यातून तिने केव्हाच उडवलं होतं.

आता तिने साइटवरची एकेक भेट उघडून पाहिली. यंत्रं नव्हती. माणसं मोबाईलवरून येत होती, वेळापत्रक उघडत होती, आठ-दहा सेकंदांत ते बंद करत होती आणि सरळ चौकशीच्या पानावर जाऊन नंबरावर बोट ठेवत होती. दिवसाला सरासरी दोनशे तीस वेळा. चौकशीच्या खिडकीवरचा माणूस तर दिवसभर जांभया देत बसलेला असायचा. मग हे फोन जात कुठं होते?

तिने आपल्या मोबाईलवरून तो नंबर लावला. लाइन व्यस्त. पुन्हा व्यस्त. पाचव्या खेपेला लागला.

“बस चौकशी. बोला, कुठं जायचंय?”

म्हातारा, स्वच्छ, बिनघाईचा आवाज. टक्केताई “हॅलो” म्हणाली आणि लावलेला नंबर पुन्हा ताडून पाहू लागली.

“बोला ना, बाई. लाइन अडून राहते हो. मागं माणसं असतात.”

तो आवाज तिने ओळखला आणि फोन बंद केला.

अकरा वर्षांपूर्वी नोकरीला लागल्यावर तिने बनवलेलं ते पहिलं पान. चौकशीचा फोन तेव्हा बंद पडला होता. तेव्हा खिडकीवर बसणाऱ्या काकांनी एका चिठोऱ्यावर नंबर लिहून दिला होता. म्हणाले होते, “सध्या माझ्या घरचा टाका. आठवड्यात आपला दुरुस्त होईल, मग बदला.” फोन महिन्याभराने दुरुस्त झाला. नंबर बदलायचा तिच्याकडून राहून गेला. काका निवृत्त होऊनही आठ वर्षं झाली होती.

जेवणाच्या सुट्टीची वाट न बघता ती निघाली. पत्ता आस्थापना विभागातून घेतला. दोन गल्ल्या पलीकडे, दुसरा मजला.

दार काकांच्या लेकीने उघडलं. ही शाळेत शिकवायची, आज घरी होती. कार्यालयाचं नाव ऐकताच ती दारातच उभी राहिली.

“आलात? अकरा वर्षांनी?”

आत काका खुर्चीत बसले होते. घरच्या फोनचा रिसीव्हर कानाला, समोर भिंतभर चिकटवलेली वेळापत्रकं. कुठं पेन्सिलीने खोडलेलं, कुठं लाल शाईने सुधारलेलं. बोलता बोलताच त्यांनी टक्केताईला हाताने बसायची खूण केली. “नाही, साडेपाचची बंद झाली गेल्या महिन्यात. पावणेसहाची धरा. पुलाच्या अलीकडे उतरा, पलीकडे नको, चालायला लांब पडतं.”

“दर सोमवारी आगारात जाऊन फलकावरचं उतरवून आणतात,” लेक म्हणाली. “आधी दिवसाला वीसेक फोन यायचे, बाबा कामावर असले की आई उचलायची, ते ठीक होतं. सहा-सात वर्षं झाली, नुसता मारा चाललाय. काय झालं कोण जाणे.”

काय झालं ते टक्केताईला लख्ख दिसलं. तिच्याच तक्त्यातली ती चढती रेघ. साइट केली तेव्हा शंभरातली सात माणसं मोबाईलवर बघत. आता शहाऐंशी. आणि वेळापत्रक अजून तेच होतं, मोठ्या पडद्यासाठी आखलेलं, बारा रकान्यांचं. हातातल्या फोनवर ते मुंगीएवढं दिसे. लोक वैतागून चौकशीकडे वळत. रेघ चढत गेली तसा या खोलीतला फोन वाजत गेला. आणि ती रेघ तिने दरवर्षी सभेत कौतुकाने दाखवली होती.

“काका, तुम्ही कधी सांगितलं का नाही?”

“सांगितलं की.” काकांनी फोन ठेवला. तो लगेच वाजला. पहिल्यांदाच त्यांनी तो वाजू दिला. “निवृत्त होताना चार्ज दिला तेव्हा यादीत लिहिलं होतं. चौकशीचा फोन, सध्या घरी. साहेबांची सही आहे त्यावर.”

“कुणी वाचलं नसेल.”

“मग मी काय करणार? फोन तर येतच होते. मी उचलला नसता तर दुसरं कोण उचलणार होतं?”

“आईलाही हेच सांगा,” लेक म्हणाली.

मग तीच सांगू लागली, टक्केताईकडे न बघता. तीन वर्षांपूर्वी आई बाजारात चक्कर येऊन पडली. दुकानदाराने तिच्याकडून नंबर विचारून घेतला आणि बाबांना नऊ वेळा फोन केला. नऊच्या नऊ वेळा व्यस्त. “लागला असता तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. पण लागला नाही.”

“त्या दिवशी परीक्षा होती,” काका हळूच म्हणाले. “गाड्या कमी सोडल्या होत्या. पोरं घाबरली होती.”

टक्केताईला रडूही येईना. “काका, तो नंबर मी टाकला होता. बदलायचा माझ्याकडूनच राहिला.”

“ठाऊक आहे. चिठी तुमच्याच हातात दिली होती.” त्यांच्या आवाजात राग शोधूनही सापडेना. “किती जणांनी केला असेल हो फोन? तुमच्याकडे मोजदाद असते ना?”

“मागच्या चार वर्षांचीच आहे. सव्वातीन लाखांच्या वर.”

काकांनी चष्मा काढून हातात घेतला. “मला वाटायचं, पाच-पन्नास माणसं असतील. तीच ती पुन्हा पुन्हा विसरतात.”

तिने बॅगेतून लॅपटॉप काढला. साहेबांना फोन केला, दोनदा आवाज चढवला आणि चौकशीच्या खिडकीवर दोन माणसं बसवायचं कबूल करून घेतलं. मग ते पान उघडून जुना नंबर पुसला, नवा टाकला. काका शेजारी उभे राहून बघत होते. एवढंसं काम. अर्धा मिनिटही लागलं नाही, आणि हेच तिला सहन होईना.

“लिहून द्या,” काका म्हणाले.

“काय?”

“चार्ज घेतला म्हणून. एवढी एकच गोष्ट राहिली होती माझ्याकडे.”

तिने कोऱ्या कागदावर लिहिलं, हुद्द्यासह सही केली. काकांनी चष्मा लावून वाचलं. “वेळ बारा लिहिलीत. बारा वाजून सात मिनिटं झालीत.” तिने दुरुस्त केलं.

फोन आणखी सहा-सात वेळा वाजला. ज्यांच्याकडे जुनं पान उघडं होतं, त्यांचे. प्रत्येकाला काकांनी गाडी सांगितली आणि वर नवा नंबर लिहून घ्यायला लावला. मग मध्ये पाच मिनिटं गेली. मग दहा.

“बाबा, वाढू का?” लेकीने विचारलं. एरवी ते तीन-चारला, जसं जमेल तसं, उभ्याउभ्या, गार झालेलं जेवत.

ते हात धुऊन पाटावर बसले. तिने भात वाढला, वरून आमटी घातली. वाफ वर येत होती. काकांनी मोठा घास घेतला आणि एकदम तोंड उघडं ठेवून थांबले, डोळ्यांत पाणी आलं.

“भाजलं का?”

“सवय राहिली नाही,” ते म्हणाले आणि पुढचा घास फुंकू लागले.