न बुडवलेली कॉइल

"तुझी गिटार डब्यात अडकलेल्या डासासारखी वाजते," डरकाळी म्हणाला.

डरकाळी म्हणजे आमच्या बँडचा गाणारा. गाणारा असं आपलं म्हणायचं. तो गुरगुरतो, आणि आमच्या प्रकारच्या संगीतात त्यालाच गाणं म्हणतात. डासाचं हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं आणि मग शांतपणे पाणी प्यायला.

"मग काय करू?" मी म्हटलं.

"जड आवाज पाहिजे. ऐकणाऱ्याला छातीत लागला पाहिजे."

"छातीत मीच मारते एक. ये इकडे."

ड्रमवर माझा मामेभाऊ असतो, तो हसला. बास वाजवणारा हसला नाही. त्याला कशानेच काही होत नाही, म्हणून त्याला आम्ही फर्निचर म्हणतो.

"हे बघ, रविवारी हॉलवर कार्यक्रम आहे," डरकाळी म्हणाला. "शुक्रवारी शेवटची प्रॅक्टिस. डेंटिस्टचा मुलगा येणारे त्या दिवशी. नुसता बसायला."

"गिटार घेऊन?"

"तो गिटार घेऊनच फिरतो सगळीकडे."

मी शाळा सोडली असली तरी एवढी बेरीज मला येते. शुक्रवारी माझा आवाज जड निघाला नाही तर रविवारी माझ्या जागी तो उभा.

शाळा का सोडली हे प्रत्येक नातेवाईक विचारतो. एकाच बाकावर अख्खा दिवस बसणं मला जमेना, बस. एकदा मधल्या सुट्टीत बाहेर पडले ती थेट मामाच्या दुकानात. आई दोन आठवडे रडली, मग म्हणाली, निदान घरात तरी लोळत नाही.

मामा विजेच्या मोटारी वाइंड करतो. पंप, पंखे, मिक्सर, जे जळेल ते. जळकी तार काढायची, नवी गुंडाळायची, बांधायची, वार्निशमध्ये बुडवायची, भट्टीत वाळवायची. दुकानात मी तार गुंडाळते, गुंडाळलेल्या तारेला कॉइल म्हणतात. माझ्या केसांना वार्निशचा वास येतो असं आईचं म्हणणं आहे. मामाचं म्हणणं एकच आहे: न बुडवलेली कॉइल या उंबऱ्याबाहेर जात नाही. गिऱ्हाईक डोक्यावर येऊन बसलं तरी नाही.

आता गिटारचं सांगते. तारांच्या खाली एक पट्टी असते, तिला पिकअप म्हणतात. आत चुंबक, चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार. वरची तार थरथरली की खालच्या कॉइलमध्ये वीज थरथरते आणि ती अँपमधून ओरडते. म्हणजे मोटारीचीच धाकटी बहीण. माझ्या स्वस्तातल्या गिटारमध्ये कंपनीने तार अशी गुंडाळली होती जणू ती त्यांच्या घरची चांदी होती.

"आई, मला पिकअप बदलायचाय."

"पिकअप? तुला सायकल लावता येत नाही नीट भिंतीला."

नवा मागवला तर कार्यक्रम होऊन गेल्यावर आला असता. मग मी ठरवलं, जुनाच उघडायचा आणि वेढे वाढवून स्वतः गुंडाळायचा.

मामाकडे भंगारातल्या रिले नावाच्या स्विचमधली बारीक तार होती. आमचं मशीन पंख्यांसाठी, त्याचा झटका पैलवानाचा. तार तुटली. परत जोडली, परत तुटली. पुढच्या वेळी मी बॉबिन फेकली, ती कॅलेंडरला लागली. मामाने उठून ती उचलली आणि माझ्यासमोर ठेवली.

"तारच तोडायची असेल तर कात्री घे," तो म्हणाला. "मशीनची वीज कशाला जाळतेस?"

मग मी मशीन हाताने फिरवलं. गुरुवार त्यात गेला. शुक्रवारी दुपारी पिकअपच्या दोन्ही कॉइल भरल्या, टोकांना सोल्डरचा डाग दिला, पिकअप गिटारमध्ये बसवला आणि दुकानातल्या छोट्या अँपला लावला. मामाने कानामागची पेन्सिल काढून पिकअपवर हळूच टिचकी मारली.

अँपमधून "ठक" असं आलं, दारावर कोणी थाप मारावी तसं.

"ऐकतेय," मामा म्हणाला.

"कोण?"

"कॉइल. तिने फक्त वरच्या तारा ऐकायला पाहिजेत. ही पेन्सिल ऐकतेय. आत वेढे ढिले आहेत. बुडव."

"वार्निशमध्ये?"

"वार्निश प्लॅस्टिक खाईल. मेणात बुडव. बुडबुडे थांबेपर्यंत."

"किती वेळ लागेल?"

"बुडबुडे थांबेपर्यंत."

"मामा, सहाला प्रॅक्टिस आहे!"

"सातला जा."

"हा काय पंप आहे का? कोणी विहिरीत सोडणार आहे का हिला?"

"ढिली तार आधी गुणगुणते, मग बोंबलते. पंप असो नाहीतर तुझं ते."

"माझं ते म्हणजे काय माझं ते?"

माझं डोकं फिरलं. गिटार पाठीला लावली आणि उंबरा ओलांडला. मामाने रेडिओ बंद केला. मामाच्या भाषेत ही शिवी आहे.

प्रॅक्टिस मामेभावाच्या घराच्या वरच्या खोलीत होते. भिंतींना जुन्या गाद्या उभ्या केल्यात, खोली दवाखान्यासारखी दिसते. डेंटिस्टचा मुलगा खुर्चीत बसला होता, मांडीवर गिटार. माझ्याकडे बघून हसला. दात अर्थातच छान होते.

मी पहिला सूर मारला.

खिडकीची काच थरथरली. गादीतून धूळ पडली. फर्निचरने मान वर केली. डासाचा पार हत्ती झाला होता. डरकाळीच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की मला क्षणभर तो आवडला.

मग मी हात उचलला आणि अँप किंचाळलं. दारात शेपूट अडकलेल्या मांजरासारखं. हात ठेवला, गप्प. उचलला, परत किंचाळलं.

"हे काय आहे?" डरकाळी म्हणाला. "दुरुस्तीच्या दुकानातून आणलं की असंच. तुला जमणार नव्हतं तर आधी सांगायचं ना. हा आलाय बिचारा इतक्या लांबून."

मी गिटारवर वाकून बटणं फिरवत होते. तारा तळव्याखाली दाबून धरल्या होत्या. तोंडातल्या तोंडात पुटपुटले, कोणाला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता.

आणि अँपमधून, यमाच्या थोरल्या भावाच्या आवाजात, पूर्ण खोलीला ऐकू गेलं: "डरकाळी म्हणे. बद्धकोष्ठ झालेला रेडा बरा ओरडतो याच्यापेक्षा."

सगळे थांबले. फर्निचर हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि थांबेचना.

ढिले वेढे माझा आवाज ऐकत होते. पिकअपचा माइक झाला होता.

मी गिटारची केबल काढायला लागले. संपलं होतं सगळं.

"थांब," डरकाळी म्हणाला. "परत बोल."

"सॉरी म्हणू का?"

"सॉरी नको. रेडा म्हण."

"रेडा," मी म्हटलं. भिंतीवरची गादी हलली.

तो गुडघ्यांवर बसला, माझ्या गिटारला तोंड लावलं, म्हणजे जवळपास माझ्या पोटाला, आणि गुरगुरला. जमिनीखालून काहीतरी उठून बसल्यासारखा आवाज आला. मामेभावाच्या हातातली काठी पडली.

"हेच!" डरकाळी उठला, गुडघे झटकले. "हेच पाहिजे होतं मला. हेच रविवारी करायचं."

"म्हणजे मी आहे ना बँडमध्ये?"

"वेडी आहेस का? तुझ्याशिवाय होणारच नाही."

"आणि गिटार कोण वाजवणार? तू तोंड घातल्यावर मी हात कुठे घालू?"

डरकाळीने खुर्चीकडे बघितलं. डेंटिस्टचा मुलगा आधीच तारा जुळवत होता.

"तू फक्त उभी राहा," डरकाळी म्हणाला. "तारा दाबून धर. आणि हलू नकोस हं."

माझ्याशिवाय होणार नाही असं मला जन्मात पहिल्यांदा कोणी म्हटलं, आणि तेही स्टँड म्हणून.

शनिवारी दुकानात गेले. मामा पंख्याचं पोट उघडून बसला होता.

"काय झालं?"

"राहिले बँडमध्ये."

"मग तोंड असं का, एरंडेल प्यायल्यासारखं?"

मी सगळं सांगितलं. रेड्यापर्यंत आल्यावर मामाने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला.

"आता बुडवलं की गुरगुर गेली," मी म्हटलं. "आणि गुरगुर गेली तर मी पण गेले. मग त्याला माझं काय काम?"

मामाने चष्मा लावला, पंख्यात डोकं घातलं.

"मेणबत्त्या वरच्या फळीवर आहेत," तो म्हणाला.

मी अर्धा तास इतर कामं केली. एक मिक्सर सोडवला, एक पंप धुतला. मग घरी जाऊन आईचं दुधाचं पातेलं आणलं. त्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेणबत्त्या. थेट आचेवर ठेवलं तर कॉइलचं प्लॅस्टिक वाकडं होतं. मेण पातळ झाल्यावर पिकअप दोऱ्याला बांधून आत सोडला.

बुडबुडे आले. आधी मोठे, मग बारीक, एकामागून एक, शाळेतून मुलं रांगेत निघतात तसे. वेढ्यांमध्ये एवढी हवा असेल असं वाटलं नव्हतं. थांबले म्हणून मी दोरा ओढायला गेले, तर कोपऱ्यातून अजून एक आला. परत बसले. परत एक. मी त्याला शिवी दिली. तो आपल्या वेळेने फुटला.

"एवढी शाळेत बसली असतीस तर..." मामा म्हणाला.

"मामा."

"काही नाही."

आई पातेलं शोधत दुकानात आली. आत बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बसलीये?" तिने मामाला विचारलं, मी तिथे नसल्यासारखं.

"मघापासून," मामा म्हणाला.

आई पातेलं तिथेच ठेवून परत गेली.

बुडबुडे थांबले. मेण गार झाल्यावर पिकअप परत बसवला. मामाने पेन्सिलने टिचकी मारली. काही नाही. मी तोंड लावून "रेडा" म्हटलं. काही नाही. मग तारा छेडल्या, आणि फळीवरचे स्क्रू नाचायला लागले. किंचाळणं नाही.

रविवारी हॉलच्या मागच्या खोलीत मी डरकाळीला सांगितलं, "पिकअप मेणात बुडवलाय."

तो आरशात केस विस्कटत होता. "भारी," तो म्हणाला. "भारी."

मी सांगितलं होतं. त्याने विचारलं नाही म्हणजे काय, ही काय माझी चूक?

पडदा उघडला. ड्रम सुरू झाले. डरकाळी ऐटीत मधोमध आला, माइक बाजूला सारला, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि माझ्या गिटारमध्ये जीव खाऊन गुरगुरला.

हॉलला ऐकू आला तो नुसता घसा. खाकरल्यासारखा.

पहिल्या रांगेतून त्याची आई म्हणाली, "बाळा, जरा मोठ्याने."

तो माझ्याकडे वर बघत होता. घामाने कपाळाला केस चिकटले होते. "आवाज कुठे गेला?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"मेणात," मी म्हटलं. "सरक."

तो सरकला. मी दाबलेला हात उचलला आणि सूर मारला. हॉलमधल्या खुर्च्या लोखंडी होत्या, त्या सगळ्या एकदम वाजल्या. पहिल्या रांगेतल्या त्याच्या आईने छातीवर हात ठेवला. डेंटिस्टचा मुलगा दोन ओळी माझ्याबरोबर वाजवून बघत होता, मग त्याने आपला आवाज बारीक केला आणि माझ्या हाताकडे बघत उभा राहिला. डरकाळीने माइक शोधला. माणूस चिवट आहे, चौथ्या ओळीला तो गुरगुरत होता, आणि त्या आवाजाखाली माझी गिटार होती म्हणून चांगला वाटत होता.

कार्यक्रम झाल्यावर तो वायरी गुंडाळत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "प्रॅक्टिस मंगळवारी. सहाला."

"उभं राहायला?"

"वाजवायला," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "रेडा काय."

सोमवारी दुकानात डेंटिस्टचा मुलगा आला, गिटार घेऊन. मामाकडे बघू की माझ्याकडे हे त्याला कळेना. शेवटी माझ्याकडे बघितलं.

"माझ्या गिटारचा पण असा आवाज होईल?"

"होईल. ठेवून जा."

"आजच मिळेल का? मी थांबतो. गुंडाळून झालं की लगेच दे."

"बुडवल्याशिवाय जात नाही इथून," मी म्हटलं.

"किती वेळ लागतो बुडवायला?"

मामाने पंख्यातून डोकं वर काढलं होतं.

"बुडबुडे थांबेपर्यंत," मी म्हटलं.

मामाने हात लांब करून रेडिओ लावला.