शॉवरच्या दांडीतलं स्पंदन

आमच्या बाथरूमची रांग घराबाहेर पडून जिन्यावरून खाली फाटकापर्यंत गेली होती. कुणाच्या खांद्यावर टॉवेल, कुणाच्या हातात रिकामी बाटली, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखी धास्ती. एकेकानं आत जायचं, चपला काढायच्या, ओल्या फरशीवर उभं राहायचं आणि इलेक्ट्रिक शॉवरची स्टीलची दांडी धरायची. वरून कोमट पाणी पडत असायचं. हात लागला की माणूस शहारायचा आणि बाहेर येऊन ओरडायचा, "आलं! पार खांद्यापर्यंत आलं!"

"काय आलं?" असं मी एकाला विचारलं. त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "स्पंदन!"

हे स्पंदन वाटणारे महाराज बाथरूमच्या कोपऱ्यात एका जाडजूड काळ्या आसनावर उभे असत. नाव स्पंदनमहाराज. आवाज असा, की नुसतं "पुढे या" म्हणाले तरी ऐकणाऱ्याला गहिवरून यावं.

"हे पाणी नाही, ही वाहती चेतना आहे! ब्रह्मांडाची फ्रिक्वेन्सी आणि तुमच्या गुडघ्याची फ्रिक्वेन्सी जुळली, की दुखणं राहील कुठं?"

"महाराज, मला काहीच जाणवत नाही हो," एकजण म्हणाला.

महाराजांनी त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. "पायात अहंकार घालून आलास. काढून ये."

त्यानं चपला काढल्या, पुन्हा दांडी धरली आणि किंचाळला. रांगेत कौतुकाची लाट उसळली. मग महाराजांनी स्वतः दांडी धरली. चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. "तिचं आणि माझं आता वेगळेपण उरलं नाही," ते म्हणाले. शेवटी हात उंचावून "शांत हो!" अशी आज्ञा केली, आणि झिणझिण्या थांबल्या. चार जणांनी हात लावून खात्री केली. आता सांगा, माणसानं विश्वास ठेवू नये तर काय करावं?

मी शाळेत विज्ञान शिकवते, दुसऱ्या शहरात राहते. हा सोहळा पाहायला आले नव्हते. आमच्याच शॉवरखाली कुणी महाराज लोकांना उभं करतात, हे आईनं फोनवर सांगितलं आणि मला घरात बसवेना, म्हणून आले होते.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, गेल्या हिवाळ्यात गेले. तो शॉवर त्यांनीच हौसेनं आणला होता, आईला बादल्या उचलायला लागू नयेत म्हणून. ते गेल्यावर काही आठवड्यांनी आईचा फोन आला, "अगं, शॉवरची दांडी धरली की हाताला मुंग्या येतात." मी लगेच धाकट्या भावाला फोन केला. तो आईच्या घराजवळच राहतो आणि वायरिंगची कामं करतो. म्हटलं, "छोट्या, अर्थिंग बघ. आजच्या आज."

संध्याकाळी त्याचा फोन आला. "बघितलं ताई. अर्थिंग एकदम ओके आहे. आईला भास होतोय. अप्पांची आठवण येते ना तिला."

मी निश्चिंत झाले. भाऊ सांगतोय म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचं?

आणि आता आई मला हळूच सांगत होती, "महाराज म्हणाले, दांडीतलं स्पंदन म्हणजे हेच आहेत. तुझे अप्पा. रोज माझा हात धरायला येतात." तिचे डोळे चमकत होते. ती रोज त्या पाण्याखाली उभी राहत होती.

दुपारी लोक जेवायला पांगले. महाराज पुढच्या खोलीत लवंडले, छोट्या त्यांच्यासाठी काहीतरी आणायला बाहेर गेला. मी घराचा मेन स्विच पाडला, बाथरूमचं दार लावून घेतलं आणि शॉवरचं झाकण उघडलं.

पाणी तापवणाऱ्या कॉइलवर बारीक चीर होती. तिथून थोडी वीज पाण्यात आणि दांडीत उतरत होती. हे बिघाड म्हणून कुठंही होऊ शकतं. अशा वेळी ती वीज माणसाला न लागता जमिनीत जावी म्हणून हिरवी अर्थिंगची वायर असते. ती वायर मी शोधली. ती तुटली नव्हती, जळली नव्हती, उंदरानं कुरतडलीही नव्हती. कटरनं सरळ कापली होती आणि दोन्ही टोकांना नीट टेप गुंडाळली होती. टेप गुंडाळायची ती पद्धत मी लहानपणापासून पाहत आले होते. टोक दुमडून आत खोचायचं, म्हणजे सुटत नाही. अप्पांनी शिकवलं होतं छोट्याला.

मी तिथंच पाटावर बसले. तरी मन मानेना. म्हटलं, काहीतरी कारण असेल. बाहेर येऊन स्विचबोर्ड उघडला. वीज गळायला लागली की आपोआप पडणारा एक स्विच त्यात असतो, माणसाचा जीव वाचवायला. त्याला बगल देऊन एक नवीकोरी वायर टाकलेली होती. म्हणजे तो स्विच पडूच नये अशी व्यवस्था. आता कारण शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी बाकीच्या घराची वीज सुरू केली, शॉवरला जाणारी तेवढी बोर्डातूनच बंद ठेवली आणि पुन्हा रांग लागायची वाट पाहत बसले.

दुपारनंतर पुन्हा रांग लागली. बाथरूमबाहेरच्या बोळात शॉवरचा वेगळा मोठा स्विच आहे. त्याला खांदा टेकून छोट्या "एकेक करून, एकेक करून" म्हणत उभा होता. सकाळीही तो तिथंच उभा होता, आणि सकाळी "शांत हो" म्हटल्यावर तो खांदा हलला होता, हे मला आत्ता आठवलं.

पहिले आमच्या गल्लीतले शिंपीकाका आत गेले. दांडी धरली आणि डोळे मिटून डोलायला लागले. "वा! आज तर सकाळपेक्षा जोरात!"

दांडीत वीज औषधालाही नव्हती. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. इतक्या साध्या माणसांना किती सहज फसवता येतं!

दुसऱ्याला मात्र काही जाणवलं नाही. तिसऱ्यालाही नाही. "श्रद्धा कमी पडते," महाराज म्हणाले. चौथी आई होती. ती दांडी धरून उभी राहिली, बराच वेळ. पाणी गार पडत होतं. ती कुडकुडत म्हणाली, "महाराज, आज हे आले नाहीत."

महाराजांनी क्षणभरही विचार केला नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "माई, तुमच्या मनात शंका शिरली. ते रुसले. पाणीसुद्धा गार पडलं, पाहा!"

आई रडायला लागली. "नाही हो, मी काहीच मनात आणलं नाही! अहो, चुकलं असेल तर..." ती त्या दांडीची माफी मागत होती.

मी छोट्याकडे पाहिलं. तो घाईघाईनं स्विच खालीवर करत होता. स्विचवरचा लाल दिवा लागत नव्हता. त्यानं मान वर केली, आमची नजरानजर झाली आणि त्याला कळलं. आई आत रडत होती, तरी तो तोंड उघडेना.

रांगेत पुढची होती शेजारच्या काकूंची लेक. दिवस भरत आलेले, हातात टॉवेल, चपला आधीच काढलेल्या.

"थांब!" मी ओरडले. "कुणी आत जायचं नाही."

आईला बाहेर आणून मी तिच्या अंगावर चादर टाकली. सगळ्यांना बोळात उभं केलं. पायात रबरी चपला घातल्या, बोर्डातून शॉवरची वीज सुरू केली आणि टेस्टर दांडीला लावला. टेस्टरचा दिवा लागला. मागच्यांनीही माना उंचावून पाहिला.

"महाराज, आता म्हणा 'शांत हो'."

ते म्हणाले. दिवा तसाच. पुन्हा म्हणाले, जरा वरच्या पट्टीत. दिवा तसाच. मी बोळात हात लांबवून मोठा स्विच बंद केला. दिवा विझला. सुरू केला, लागला.

"सकाळी हे काम खांद्यानं होत होतं," मी म्हणाले. "आता त्या आसनावरून उतरा. ते जाड रबर आहे. त्यावर उभं राहिलं की वीज अंगातून जमिनीत जात नाही. चपलांनीही तेच होतं. उतरा खाली, अनवाणी, ओल्या फरशीवर. धरा दांडी."

महाराजांनी खाली फरशीकडे पाहिलं. मग दारात दाटलेल्या लोकांकडे पाहिलं. "इथली स्पंदनं दूषित झाली आहेत," असं म्हणत त्यांनी आसन मात्र नीट गुंडाळून काखेत मारलं आणि गर्दीतून वाट काढली. मी वीज बंद केली. काकूंनी लेकीला मिठी मारली. शिंपीकाका आपल्या तळव्याकडे पाहत राहिले.

लोक गेले. आम्ही तिघंच उरलो.

आईनं विचारलं, "छोट्या, तुला माहीत होतं?"

"आई, महाराज म्हणाले, थोड्या विजेनं काही होत नाही."

"तुला माहीत होतं का, ते विचारतेय."

"तुला बरं वाटत होतं ना आई! तू हसायला लागली होतीस. आणि मला... लोक मला दादा म्हणायला लागले होते. एरवी कोण विचारतं मला?"

"वायर तू कापलीस?"

त्यानं मान खाली घातली. ते पाहून आई एकदम म्हातारी दिसायला लागली. परक्यानं फसवलं तर माणूस चिडतो, पोलिसात जातो. पोटच्या पोरानं केसानं गळा कापला तर कुठं जायचं? मलाही त्याचा तो फोन आठवत होता. 'एकदम ओके आहे.' किती सहज म्हणाला होता!

"चीर वाढत जाते," मी त्याला म्हणाले. "आज झिणझिण्या, उद्या झटका. तुझा धंदा आहे हा, तुला सांगायला नको. एखाद्या दिवशी आई त्या दांडीला चिकटून राहिली असती."

तो रडायला लागला. आईनं त्याला जवळ घेतलं नाही. "आज जा तू," एवढंच म्हणाली.

नवा शॉवर बसला. वायरिंग मी दुसऱ्याकडून करून घेतलं आणि पुन्हा तिसऱ्याकडून तपासून घेतलं. छोट्या येतो अधूनमधून. आई त्याला चहा देते, त्याच्या तब्येतीची चौकशी करते. पण पूर्वी तो काही सांगायचा तेव्हा ती नुसती "हो का?" म्हणायची. आता ती विचारते, "कशावरून?"

एकदा भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली, "अगं, ह्या माणसानं जन्मभर मला गरम भांड्याला हात लावू दिला नाही. तो मेल्यावर येऊन मला झटके देईल का? एवढं साधं मला सुचलं कसं नाही?"

दुःखात माणसाला सुचत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी आसन घेऊन दारात हजर होतं. म्हणून जरा शुद्धीत असतानाच सांगून ठेवते. दांडीला, नळाला, कशालाही हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर हात जोडू नका. हात काढा, मेन स्विच पाडा, आणि जाणकाराला बोलवा. तो म्हणाला "सगळं ओके आहे", तर म्हणा, "दाखव." तो परका असेल तरी म्हणा, आणि घरचा असेल तर दोनदा म्हणा. ज्याच्या मनात खोट नाही, त्याला दाखवायला राग येत नाही.