वाढू द्या

जीवननं पिलाचा पुढचा पाय तळहातावर घेतला, पंजा दाबून पाहिला आणि सोडून दिला. पाय जमिनीवर नीट टेकण्याआधीच पिलानं दुसराही उचलला आणि ते हनुवटीवर आपटलं.

"मामा, हे कुत्रं आहे का उंटाचं लेकरू?"

"जर्मन म्हणून आणलं गजेंद्रनं अकोल्याहून," नत्थुजी ओसरीवर सुपारी कातरत म्हणाले. "बाप असन जर्मन. माय तिकडचीच, स्टँडवरची."

"मंग कान बापाचे अन् अक्कल मायची आली असती त बरं होतं. हे त उलटंच झालं."

दोघं हसले. पिलू उठलं, अंग झाडलं आणि झाडता झाडता पुन्हा बसलं. सहा महिन्यांचं होतं. पाय एवढे उंच, की धड त्यांच्यावर कुणी विसरून ठेवल्यासारखं दिसे. मागची बाजू पुढच्यापेक्षा वर. एक कान ताठ, दुसरा डोळ्यावर पडलेला. मानेची कातडी इतकी सैल, की आत आणखी एक पिलू मावलं असतं. धावायला लागलं की मागचे पाय पुढच्यांना गाठायचे आणि अंगणाच्या मध्येच त्याचं गाठोडं व्हायचं. हिवरखेडच्या त्या गल्लीत त्याला कुणी लांबट्या म्हणे, कुणी स्टूल. नत्थुजींच्या मुलाच्या, गजेंद्रच्या, अकोल्यातल्या घरमालकानं तक्रार केली, तेव्हा ते इकडे गावी आलं होतं.

आत, स्वयंपाकघराच्या दारापाशी, जीवनच्या मामी, सुभद्राबाई, पाटावर बसल्या होत्या. गाईचा घास त्यांनी बाजूला काढून ठेवला, ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटून हात जोडले. दारातून ओसरी दिसत होती, बोलणं ऐकू येत होतं. पण आता त्यांना बोलता येणार नव्हतं.

चातुर्मासात सुभद्राबाई एकदाच जेवत, दुपारी, आणि मौनानं जेवत. ताटावर असताना शब्द निघाला तर ताट सोडून उठायचं. मग दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत काही नाही. सासूबाईंनी घालून दिलेला नेम होता. जेवणापुरतं 'वाढ' किंवा 'पुरे' म्हटलं तर चालतं, असंही सासूबाई सांगून गेल्या होत्या. सुभद्राबाईंनी तेवढीही मोकळीक कधी घेतली नाही. हवं तर बोटानं दाखवत, नको तर ताटावर हात आडवा धरत.

नत्थुजींना या मौनाचा फार आधार होता. भांडणाचा त्यांना मनापासून कंटाळा. म्हैस विकायची होती तेव्हा गिऱ्हाईक त्यांनी दुपारी याच वेळेला बोलावलं. अंगणातली लिंबोणी तोडली तीही अशीच; शेवटचा घास होईपर्यंत झाड आडवं झालेलं. सुभद्राबाई हात धुऊन बाहेर येत, झालेलं पाहत आणि देवापुढे जाऊन बसत. झाल्यावर काय बोलायचं, असं त्यांना वाटे. हळूहळू नत्थुजींना वाटू लागलं, की बायकोचं काही म्हणणंच नसतं.

आज सकाळी त्यांनी मोर्शीला भाच्याला फोन केला होता तेव्हा एवढंच म्हणाले होते, "दुपारीच ये."

"न्यायचं त नेतो मी," जीवन म्हणाला. त्याच्या संत्र्याच्या बागेत रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. "पण असं नाही चालत तिथं. डुकरं हसतीन याले पाहून."

"मोठं झालं की होईन नीट."

"त्याची वाटच नाही पाहाची, मामा. वावराच्या धुऱ्यावर आखूड साखळीनं बांधलं न, की बसल्या जागी पाय वाढाचे थांबतात. आमच्या तिकडं तसंच करतात. अन् एक वेळ उपाशी ठेवाचं. उपाशी कुत्रं तिखट होते. आता इथं मामी लाड करून राह्यली असन."

"रोज जवसाचं तेल चोळते पायाले," नत्थुजी म्हणाले, आणि नको ते सांगून गेल्यासारखे थांबले.

"तेल?" जीवन हसला. "म्हणूनच त थांबून नाही राह्यले पाय."

सुभद्राबाईंच्या हातात भाकरीचा तुकडा होता. पिलू त्यांच्या जेवणाच्या वेळी उंबऱ्याबाहेर पडून असायचं, लांब पाय चारी दिशांना टाकून. इतरांच्या ताटाशी झोंबे, त्यांच्या ताटाशी कधी आलं नाही. घरात त्या जेवत असताना गप्प राहणारं ते एकटंच होतं. आज उंबरा मोकळा होता.

जीवननं पिशवीतून साखळी काढली. पिलानं ती हुंगली, चाटली आणि शेपूट एवढ्या जोरात हलवली, की त्याचं मागचं अंग एका बाजूला वाहून गेलं.

"पाह्य, कसं खुश झालं," जीवन म्हणाला. "मोटारसायकलवर बसन का हो हे? का टांगा करा लागते?"

साखळीची कडी गळ्याशी लागली तसा आतून आवाज आला.

"वाढू द्या."

आवाज मोठा नव्हता. पण चातुर्मासात दुपारी या घरात तो कधी ऐकू आला नव्हता, म्हणून दोघांचेही हात थांबले. चुलीशी बसलेली सून, प्रणाली, वळून पाहू लागली.

नत्थुजींनी आत पाहिलं नाही. अडकित्त्यातली सुपारी त्यांनी उगाच दोनदा कातरली. मग हळूच म्हणाले,

"प्रणाली, वाढ न तुया सासूले. भाजी मांगून राह्यली थे."

प्रणाली भाजीचं पातेलं घेऊन उठली, पळी भरली आणि सासूच्या ताटापाशी वाकून उभी राहिली. पळीतून वाफ निघत होती. सुभद्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पळीकडे. एवढंच करायचं होतं. ताट पुढे सरकवायचं. शब्द जेवणाचा ठरला असता, नेम राहिला असता, आणि हात धुऊन बाहेर येईपर्यंत अंगण रिकामं झालं असतं.

त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, अन्नाला नमस्कार केला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. ताटातली भाजी अजून तशीच होती. दोन घास झाले असतील नसतील.

"आई," प्रणाली कुजबुजली, "उद्या दुपारपर्यंत…"

सुभद्राबाई हात धुऊन ओसरीवर आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मामी, तुमचं मौन…" जीवन साखळी हातात धरून उभा होता.

"सुटलं."

"माह्या पायी काहून सोडलं, मामी? मी काय परका…"

"तुया पायी नाही रे बापा." त्या खाली बसल्या. पिलू त्यांच्या मांडीवर चढू पाहत होतं. अर्धं चढलं, उरलेलं कुठे ठेवावं ते त्याला कळेना. त्याच्या गळ्याची कडी शोधत त्या म्हणाल्या, "लेकरू आहे थे. पाय आंदी आले, अंग मांगून येईन. आपण त्याले थांबवणारे कोण?"

कडी सुटली. साखळी त्यांनी गोळा करून जीवनच्या हातात दिली, घरी आलेल्याला काही द्यावं तशी, दोन्ही हातांनी.

"जेवून जाय. प्रणाली, ताट कर यांचं."

जीवननं मामाकडे पाहिलं. नत्थुजी सुपारीचे तुकडे तळहातावर घेऊन बसले होते, तोंडात टाकायचे राहिले होते.

"मोठं झालं की सांगजा, मामी," जीवन म्हणाला. "कुत्रं नाही झालं त घोडा म्हणून घेऊन जाईन."

सुभद्राबाई थोड्या हसल्या. जीवन जेवून गेला. दिवसभर त्या पोथी वाचत बसल्या, तुळशीपुढे दिवा लावला, पिलाच्या पायांना तेल चोळलं. पाण्याशिवाय त्यांनी काही घेतलं नाही. नत्थुजी दोनदा स्वयंपाकघरात येऊन गेले. एकदा केळं घेऊन आले होते, ते तसंच घेऊन परत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणालीनं सासूचं ताट केलं. एरवी नत्थुजी आधी जेवून ओसरीवर गेलेले असत. आज ते भिंतीला टेकून तिथेच बसले. सुभद्राबाईंनी गाईचा घास काढला, पाणी फिरवायला तांब्या उचलला.

"थांब," नत्थुजी म्हणाले.

त्या थांबल्या.

"काही सांगाचं आहे का?" त्यांनी चुलीकडे पाहत विचारलं. "मांगचं, पुढचं. जे असन थे."

सुभद्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग तांब्या खाली ठेवला.

"आहे," त्या म्हणाल्या.

नत्थुजींनी मांडी नीट घातली. प्रणालीनं भाजीवर झाकण ठेवलं.