रातीचं पाखरू

आमचे आबा हरवले त्या संध्याकाळी गावातली सगळी धडधाकट माणसं रस्त्यावर होती आणि सगळी वर बघत होती.

महिनाभर आभाळात दिवे दिसत होते. कधी एकच, कधी ओळीनं जाणारे. त्यांच्याबद्दल गावात घरटी एक मत होतं. चोर ड्रोन उडवून घरं हेरतात, हे बहुमत. सरकार गुपचूप जमीन मोजतंय, असं हायवेलगत जमीन असलेल्यांना वाटायचं. कस्तुराबाईंच्या मते सोनारीच्या काळभैरवाला बोललेला कुणाचा तरी नवस राहिला होता, आणि नाव त्या सांगणार नव्हत्या. मी गावच्या ग्रुपवर लिहिलं, की ओळीनं जातात ते उपग्रह आणि लाल लुकलुकतात त्या पवनचक्क्या, ज्या कित्येक वर्षांपासून तिथंच उभ्या आहेत. मला ग्रुपमधून काढलं. चोरांना आतून सामील असलेला माणूस असंच बोलणार, असं ठरलं.

आबा एवढंच म्हणाले, "पाखरू हाय. रातीचं खाणारं."

आबा आमचे वडील. त्यांना सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही. माझ्या बहिणीला, दीपमालाला, ते कधी आमच्या आईच्या नावानं हाक मारतात, कधी मालकीणबाई म्हणतात. पण तरुणपणी ते शंभुलिंग मालकांच्या शेतात राखणीला होते. मचाणावर बसून गोफणीनं ज्वारीवरची पाखरं उठवायची, हे डोक्यातून गेलं तरी हातात राहिलं होतं. त्यामुळं दिव्यांवर नजर ठेवायला नेमलेल्या गस्तीवाल्यांनी ते पाडायचं ठरवलं तेव्हा सगळे आबांकडं शिकायला आले. आबांनी त्यांना नायलॉनच्या दोरीच्या गोफणी वळून दिल्या. आमच्या अंगणात रोज शिकवणी भरायची. त्यातून दोन पत्र्याची घरं, एक डिश अँटेना आणि उमाशंकर काकांची म्हैस एवढ्यांना दगड लागले. दिव्याला एकही लागला नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला दीपमाला चहा घेऊन गेली तर बाज रिकामी. चपला होत्या. आबा नव्हते, त्यांची गोफणही नव्हती.

पौषातली थंडी, अंगात नुसती बंडी. आणि गावाच्या चारी बाजूंना शेततळी, आत प्लास्टिक अंथरलेली. मागच्या साली एका तळ्यात कुत्रं पडलेलं मी बघितलं होतं. ते काठाला येत होतं, घसरत होतं, परत येत होतं. लोक दोरी आणेपर्यंत ते यायचं थांबलं होतं. आबांना शोधताना मला तेच दिसत होतं, सारखं.

मी उमाशंकर काकांकडं पळालो. ते गस्तीचे प्रमुख. पारावर खुर्ची टाकून, मान मागं टाकून बसले होते.

"काका, आबा सापडंनात. पोरं द्या."

"इंद्रजित, आमची ड्युटी वर हाय," काका मान खाली न करता म्हणाले.

"माणूस खाली हरवलाय."

"आन् आमी खाली बघितलं की नेमकं वरून आलं म्हंजी? गावाला काय सांगू?"

"काका, तळी उघडी हायेत. पाया पडतो."

काका जरा विरघळले. "पोरं घिऊन जा. बॅटऱ्या न्हाय देणार. बॅटऱ्या वर लागतात."

तीन पोरं दिली. अंधारात ती माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत आली, भ्याली, आणि मलाच त्यांना परत सोडायला यावं लागलं.

तोवर दीपमाला दोन विहिरी बघून आली होती. तिचा आवाज बसला होता. उंबऱ्यात ती मटकन बसली.

"दादा, आपल्या हाका त्यांना कळत न्हाईत रं. कुणाला हाक मारतेत, तेच ठावं नसल. ते दिव्याच्या मागं गेलेत."

मग दिवा घरी आला, तर आबा घरी येतील. याहून शहाणा विचार तेव्हा माझ्यापाशी नव्हता. याहून वेडाही नव्हता.

माझा दोस्त श्रीनाथ लग्नाचं शूटिंग करतो. त्याच्याकडं ड्रोन होता, हे गावात फक्त मला माहीत. दिवे दिसायला लागल्यापासून त्यानं तो ज्वारीच्या पोत्यात पुरून ठेवला होता.

"येडा झाला का तू," श्रीनाथ म्हणाला. "गावानं बघितलं तर मला ड्रोनसकट पुरतील. आन् रविवारी जळकोटला लग्न हाय. नवरदेव वरून घ्यायचाय."

"आबा तळ्यात पडले तर रं?"

त्यानं पोत्यात हात घातला.

गावामागच्या माळावर जाऊन आम्ही ड्रोन उडवला. त्याच्या पंखांतून ज्वारी गळत होती. सगळे दिवे लावून तो शिवारावर लांबवर न्यायचा आणि तिथून हळूहळू घराकडं आणायचा, म्हणजे आबा मागोमाग चालत येतील, असा बेत होता. महिनाभर मी ज्या लोकांना सांगत होतो की आभाळात काही नाही, त्यांच्या डोक्यावर आता मीच दिवा पाठवला होता.

पारावरून एकच गलका उठला. गोफणी फिरल्या. दगड कुठंकुठं पडले ते आवाजावरून कळत होतं: पत्रा, पत्रा, मग म्हैस. ड्रोन निवांत पुढं गेला. ओढा ओलांडून शंभुलिंग मालकांच्या शेतावर आल्यावर श्रीनाथनं तो थांबवला, खाली घेतला. पडद्यावर नुसता काळोख. मी त्या काळोखात बंडी शोधत होतो.

खट्ट.

पडदा गरगरला, ज्वारीची कणसं उलटी दिसली, आणि सगळं बंद.

श्रीनाथनं बटणं दाबून बघितली. "नवरदेव गेला," तो म्हणाला.

"कुणी मारला?"

"गावानं. आनि कोन?"

"गाव इकडं हाय, श्रीनाथ. तिकडं कोनी न्हाय. आन् ह्यातल्या एकाचाबी नेम म्हशीच्या पुढं जात न्हाय."

तो दगड ओढ्यापलीकडून आला होता. एकच आला होता आणि लागला होता. मी पळत सुटलो.

शंभुलिंग मालक कधीच वारले. मचाणही गेलं. त्या जागी आता शेततळं आहे आणि त्याच्या अगदी काठावर उंच लोखंडी स्टँडवर पाण्याची काळी टाकी. टाकीला पाठ लावून आबा बसले होते. पाय खाली तळ्याच्या बाजूला सोडलेले. ते थंडीनं इतके कुडकुडत होते, की स्टँडची सबंध शिडी थरथरत होती, हे मला हात लावल्यावर कळलं.

"कोन हाय?"

"आबा, मी इंद्रजित."

"इंद्रजित ल्हान हाय. साळंत जातो." त्यांनी गोफणीनं शेताकडं दाखवलं. "पाखरू पाडलंय बग. शिजवू नगंस, नुसती हाडं हायेत."

"खाली या. घरी जाऊ."

"मालकानं सांगितल्याबगर राखण सोडत न्हाय."

मी वर चढून त्यांचा दंड धरला. त्यांनी झटका दिला, आणि आम्ही दोघं क्षणभर तळ्यावर झुकलो. खाली प्लास्टिक चमकत होतं. मी हात सोडला आणि शिडीला मिठी मारली. ओढून आणणं शक्य नव्हतं. विनवणी कळत नव्हती. त्यांचा मुलगा शाळेत होता आणि मी कुणीच नव्हतो.

मग मी म्हणालो, "मालकानंच पाठवलंय मला. आता माझी पाळी हाय."

आबांनी मला खालून वर न्याहाळलं. गोफण माझ्या हातात दिली. "मार बरं."

मी दगड घातला, गोफण फिरवली, सोडली. दगड मागं गेला आणि टाकीवर धाडकन आपटला.

आबांनी टाकीकडं बघितलं. मग म्हणाले, "मालकाला दुसरं कोनी मिळालं न्हाय का?"

"न्हाय मिळालं."

"सरक." ते उठले, सवयीनं पाय टाकत शिडी उतरायला लागले. "मालकाला सांगून येतो, ह्येला ठिवू नका म्हून. समदं पीक खाऊ घालशील. मी येईस्तोवर उतरू नगंस."

तेवढ्यात श्रीनाथ पोचला. एका हातात ड्रोनचा सांगाडा होता. मी वरून म्हणालो, "श्रीनाथ, ह्यांना मालकीणबाईंकडं ने. तक्रार करायची हाय." तो काही विचारणार होता, पण आबांचे पाय बघितले आणि त्यानं त्यांचा हात धरला.

वाट तळ्याच्या काठावरूनच होती. आबा दहा पावलं गेले की वळून बघायचे, नवा गडी पळाला तर नाही. म्हणून मी मोबाईलचा टॉर्च लावून बसलो.

ओढ्यापलीकडून आवाज आला, "खाली उतरलंय. टाकीवर बसलंय." बॅटऱ्या एकदाच्या खाली झाल्या आणि सगळ्या माझ्याकडं वळल्या. पहिला दगड टाकीला लागला. मी टॉर्च विझवला.

काठावर आबा थबकले. "पळाला बग," ते म्हणाले, आणि हात सोडवून माघारी फिरले. त्यांचा पाय प्लास्टिकवर घसरल्याचा आवाज आला. श्रीनाथ ओरडला. ड्रोन पाण्यात पडला. आबांना त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं.

मी टॉर्च परत लावला.

"बसलायस का रं?" आबांनी विचारलं.

"बसलोय."

ते चालायला लागले. दगड येत होते, डावीकडून, उजवीकडून, एक पायाखालून गेला. सगळे आबांचेच शिष्य. आबा काठ ओलांडून पांदीच्या वाटेला लागेपर्यंत मी टॉर्च डोक्यावर धरून बसलो, त्यांना नीट दिसावा म्हणून.