वालदेवीच्या पुलावरचा पुंजा

जमील मिस्त्री मूळचा येवल्याचा. घरात पैठणीचे माग होते, पण त्याचं मन लोखंडात रमलं आणि तो रेल्वेच्या पुलांच्या कामाला लागला. नाशिकरोडजवळचा वालदेवी नदीवरचा पूल त्याच्या टोळीकडे होता. पूल इंग्रजांच्या काळातला, सगळा रिव्हेटांनी, म्हणजे ठोकून बसवलेल्या लोखंडी खिळ्यांनी, जोडलेला.

टोळीत हाताखाली काम करणारे पाच खलाशी होते, पण जमीलचा भरवसा पुंजावर. पुंजा हरसूलकडचा. पूल रंगवायला रोजंदारीवर आला आणि पुढे कायम झाला. रिव्हेट तपासताना तिच्या एका बाजूला बोट लावायचं आणि दुसरीकडून छोटी हातोडी मारायची. रिव्हेट ढिली असली की बोटाला कळतं. बाकीच्यांना कधी कळायचं, कधी नाही. पुंजाचं बोट चुकत नसे.

अठ्ठ्याण्णव साली दिवाळीच्या आधी तपासणी चालू होती. पुलाच्या टोकाला गाडीवर नजर ठेवून उभ्या असलेल्या टोळीतल्या राजूनं शिट्टी मारून झेंडी हलवली. गाडी येत होती. सगळे पुलाच्या बाजूला गाडी टाळण्यासाठी केलेल्या कठड्यात जाऊन उभे राहिले. पुंजा तेवढा रुळाशी वाकलेला.

"पुंजा! अरे हो बाजूला!" जमील ओरडला. इंजिनाचा भोंगा वाजला. पुंजाचा हात पुलाच्या लोखंडी तुळईवर, गर्डरवर होता. लोखंड थरथरलं तशी त्यानं मान वर केली आणि कठड्यात उडी घेतली. गाडी त्याच्या पाठीला वारा देत निघून गेली.

"शिट्टी ऐकली नाहीस?" जमील त्याच्या तोंडापुढे येऊन ओरडला.

"ध्यान नव्हतं, मिस्त्री."

जेवणाच्या सुट्टीत जमील मुद्दाम त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. "पुंजा, तुझा डबा नदीत पडला," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. पुंजा पुढे बघत विडी ओढत राहिला.

जमील समोर येऊन बसला. पुंजाला काय ते कळलं.

"दोन वरसं झाली कान गेले," तो म्हणाला. "पण हाताला कळतं ना गाडी आली का. कोणाला सांगू नको. मला पुलावरून काढून खाली बसवतील."

जमील चार दिवस गप्प राहिला. पाचव्या दिवशी त्यानं साहेबांकडे लेखी कळवलं. पुंजाचे कान तपासले गेले आणि त्याला स्टोअरमध्ये टाकलं.

तिसऱ्या दिवशी पुंजाची बायको तानुबाई जमीलच्या दारात आली.

"भाऊ, आमच्या घरी बसून भाकर खाल्ली तुम्ही. त्या माणसानं दोन दिस अन्नाला हात नाय लावला."

जमीलची बायको जैतुनबी पाणी घेऊन आली.

"वहिनी," जमील म्हणाला, "एखाद्या दिवशी त्याची बातमी घेऊन मला तुमच्या दारात यावं लागलं असतं. ते माझ्यानं झालं नसतं."

तानुबाई पाणी प्यायली आणि निघून गेली.

पुढची चार वर्षं पुंजा जमीलशी एक शब्दही बोलला नाही. चहाच्या टपरीवर गाठ पडली तर पाठ फिरवायचा. रिव्हेट तपासायला जमील आता स्वतः बोट लावायचा, आणि शंका आली की एकेक रिव्हेट तीनतीनदा ठोकायचा. कामाला दुप्पट वेळ लागे.

पूल थकला होता. दोन हजार दोन साली जुने गर्डर काढून नवे बसवायचं ठरलं. एका रविवारी गाड्या बंद ठेवल्या आणि क्रेन लावली. दुपारी स्टोअरची गाडी बोल्ट घेऊन आली. तिच्यातून पुंजा उतरला. थोडा वेळ तो क्रेनकडे बघत राहिला, मग जमीलजवळ आला.

"रिव्हेटी कशा निघाल्या?"

"गॅसनं कापाव्या लागल्या," जमील त्याच्या कानाशी मोठ्यानं म्हणाला.

"म्हंजे घट्ट व्हत्या."

"घट्टच होत्या."

पुंजा दगडावर बसला. जमीलही बसला.

"मी तुला लय शिव्या दिल्या, मिस्त्री."

"माहीत आहे. सगळ्या कानावर यायच्या."

"तुझ्या येत असतील. माझ्या कुठं येत व्हत्या!"

दोघंही हसले. तेवढ्यात क्रेनवाल्यानं हात केला, तसा जमील उठून कामावर गेला.